बोअरच्या आधी बाटली: चर्चच्या गटानं खेड्यात पिण्याचं पाणी कसं न्यावं

रविवारची उपासना संपते, आवारात चहा फिरतो आणि कुणीतरी म्हणतं, "या वर्षी हंगामाच्या सणाच्या अर्पणातून एखाद्या गावाला बोअर मारून देऊ या." सगळे माना डोलावतात. पाण्याला नाही कोण म्हणणार? आमच्या इंदूरच्या मराठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्येही, असंच झालं. मी तेव्हा खजिनदार होते, म्हणजे सगळ्यांचा होकार झाल्यावर चेकवर सही माझी. त्या होकारापासून लोकांना खरोखर पिता येईल असं पाणी मिळेपर्यंत जवळजवळ तीन वर्षं गेली. त्यातलं निम्मं तरी आमच्या अडाणीपणात गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

गाव धार जिल्ह्यातलं, भिल्ल वस्तीचं. पहिल्या वर्षी आम्ही तिथं बोअर मारला, हातपंप बसवला, नारळ फोडला, फोटो काढले. आठ महिन्यांनी तिथल्या शाळेच्या सरांनी सहज विचारलं, "मैडम, पानी की जांच करवाई थी क्या?" नव्हती करवली. मग केली. फ्लोराइड निघालं लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम. भारतीय मानक म्हणतं १ पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. या पाण्यावर वाढलेल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं, सांधे आखडतात. लाल रंगाचा पंप म्हणजे धुण्या-भांड्यांचं पाणी, पिण्याचं नाही, ही खूण अनेक ठिकाणी चालते. आमच्याच पैशांनी उभ्या केलेल्या पंपाला आम्हीच डबा-ब्रश घेऊन लाल रंग दिला. परतीच्या वाटेवर घाटाबिल्लोदला पोहे समोर आले, पण कुणाचा घास उतरेना.

पुढच्या पायऱ्या त्या लाल रंगानंतर कळलेल्या आहेत.

१. पहिली बैठक गावात नाही, चर्चच्या हॉलमध्ये

गट लहान ठेवा. आमचे आधी तेवीस जण होते. त्यातले पंधरा फोटोपुरते, हे त्यांनाही मान्य आहे. खरं काम सात-आठ जणांचं: एक हिशेबाला, एक कागदपत्रांना, एक-दोन बांधकाम किंवा मोटर-पंप कळणारे, एक आरोग्याकडचं (निवृत्त नर्स मिळाल्या तर सोनं), आणि किमान तीन बाया. हा नियम नाही, अनुभव आहे: गावातल्या बाया आमच्या इंजिनियरशी एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या महिला संघाच्या काकू तिथं अर्धा तास चुलीपाशी बसल्या आणि विहिरीचा सगळा इतिहास घेऊन आल्या.

दुसरी गोष्ट याच बैठकीत स्पष्ट करा. मध्यप्रदेशात धार्मिक स्वातंत्र्याचा २०२१ चा कायदा आहे. त्यात प्रलोभन दाखवून धर्मांतर करवणं गुन्हा आहे, आणि भेटवस्तू, भौतिक लाभ हे प्रलोभनाच्या व्याख्येत येतं. तेव्हा पंपापाशी प्रार्थनासभा नाही, पत्रकं नाहीत, कोनशिलेवर वचन नाही, कुणाच्या घरी जाऊन "या आमच्याकडे" नाही. पाणी सगळ्या गावाचं. आमच्या पाळकसाहेबांनी हे एका वाक्यात मिटवलं: "प्रार्थना इंदूरहून निघायच्या आधी करा, तिथं फावडं धरा." काहींना हे खुपलं. मला विचाराल तर कायदा नसता तरी हेच बरोबर होतं. तहानलेल्या माणसापुढे अट ठेवायची नसते.

२. गाव बघायला मे महिन्यात जा

ऑक्टोबरात गेलात तर प्रत्येक विहीर तुडुंब आणि प्रत्येक माणूस "पानी तो है" म्हणणारा. खरं चित्र एप्रिल-मेमध्ये दिसतं. शिवाय दिवाळीनंतर निम्मं गाव गुजरातेत मजुरीला गेलेलं असतं, ते होळीच्या आसपास परततं. होळीच्या आधीचा आठवडा भगोरियाचा, म्हणजे भिल्लांच्या बाजार-जत्रांचा. तेव्हा तर बैठकीचं नावही काढू नका. आम्ही काढलं होतं. बैठकीला आम्ही आणि एक कुत्रा.

इथं शहरी माणसाची मोठी चूक होते. आपल्या डोळ्यांपुढे माळव्यातलं गाव असतं: मध्ये चावडी, मारुती, पार, भोवती घरं. भिल्लांचं गाव तसं नसतं. घरं टेकड्यांच्या उतारावर ज्याच्या-त्याच्या शेतात, आणि अशा काही घरांचा मिळून एक फलिया. एका गावात पाच-सात फलिये, एकापासून दुसरा कधी कोस-दीड कोस. 'गावात पंप दिला' म्हणजे प्रत्यक्षात एका फलियाला दिला. आमचा पहिला बोअर कुठं झाला? जिथं रिगची, म्हणजे बोअर खणायच्या यंत्राची, गाडी जाऊ शकली तिथं. म्हणजे रस्त्याकडच्या, आधीच जरा बऱ्या असलेल्या फलियात. खालच्या नाल्याकडच्या बायांनी आम्हाला सरळ तोंडावर सुनावलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

म्हणून पायी हिंडा. प्रत्येक फलियात विचारा:

- पाणी कोण भरतं, किती खेपा, आत्ता कुठून, पावसाळ्यात कुठून?
- कुठल्या विहिरीचं पाणी 'गोड', कुठल्याची डाळ शिजत नाही? (डाळ न शिजणं म्हणजे जड पाणी. त्याचा फ्लोराइडशी थेट संबंध नाही, पण बायांची ही नोंद अचूक असते.)
- आधी कुणी काय दिलं होतं, आणि ते आता कुठं आहे?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे ऐका. आम्हाला एका घराच्या पडवीत कुणा जुन्या दात्याचा फिल्टर दाखवला. त्यावर कोंबडी अंडी उबवत होती.

सरकारी नळ-जल योजनेचंही विचारा. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं, त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी घरात नळानं देण्याचं लक्ष्य आहे. टाकी आहे, पाइप आहे, नळ आहे, पण पाणी नाही, असंही दिसेल. मोटर जळलेली किंवा विजेचं बिल थकलेलं असू शकतं. तिथं नवा बोअर मारण्यापेक्षा मोटर बांधून देणं शंभरपट शहाणपणाचं, जरी त्यावर आपल्या मंडळीचं नाव कोरता येत नसलं तरी.

३. पाणी तपासा, आणि मगच तोंड उघडा

लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल.

फ्लोराइड दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. उकळल्यानं जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. आमच्यातल्या एका शिकल्या-सवरल्या सभासदांनी बायांना "पाणी उकळून प्या" असं बजावून सांगितलं होतं. जुलाबाच्या जंतूंसाठी सल्ला रास्त, फ्लोराइडसाठी उलटा.

'खोल गेलं की शुद्ध पाणी' हा दुसरा समज. आपल्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये असतं. खोल भेगेतलं पाणी खडकाशी जास्त काळ लागून राहतं, आणि खडकात फ्लोराइडची खनिजं असली की तेवढं जास्त विरघळवतं. त्यामुळे एकाच गावात खोल बोअरमध्ये फ्लोराइड आणि उथळ विहिरीत नाही, असं होऊ शकतं. आमच्याकडे नेमकं तेच निघालं. बोअर ३.२, आणि नाल्याकाठच्या जुन्या उघड्या विहिरीत ०.६. पण त्या विहिरीत जंतू होते. ते क्लोरीननं मरतात. फ्लोराइड मरत नाही. तेव्हा त्या कचरा पडलेल्या, कुणी न विचारलेल्या विहिरीचं पारडं अचानक जड झालं.

नमुना कसा घ्यायचा:

रासायनिक तपासणीला एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली. काचेची नको, फ्लोराइड काचेशी खेळतं. त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा. हातपंप असेल तर आधी पाच मिनिटं उपसा, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी तपासाल.

जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेतून मिळणारी निर्जंतुक बाटलीच हवी. ती विसळायची नाही. झाकणाला आतून बोट लावायचं नाही. थोडी रिकामी ठेवायची. बर्फात घालून त्याच दिवशी पोचवायची, २४ तासांच्या पुढे नेऊ नका. आम्ही एकदा शनिवारी नमुना घेतला आणि सोमवारी पोचवला. तो अहवाल मी फाइलमध्ये लावलाच नाही.

प्रत्येक बाटलीवर तिथल्या तिथं तारीख, वेळ, फलिया, स्रोत लिहा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याला बाटल्या देऊ नका.

तपासणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या, म्हणजे पीएचईच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. सामान्य माणसालाही तिथं नमुना देता येतो. एखादा नमुना खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतही करून घ्या, आकडे जुळतात का पाहायला. अहवालात निदान एवढं बघा, आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे: फ्लोराइड (१ पर्यंत, फार तर १.५), नायट्रेट (४५ च्या आत), विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस (५००, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत), आणि ई. कोलाय जंतू १०० मिलिलिटरमध्ये शून्य. नायट्रेट जास्त निघालं तर जवळ उकिरडा, शोषखड्डा किंवा खताचं शेत शोधा.

टीडीएसचं पेन घेऊन हिंडणाऱ्या फिल्टर-विक्रेत्यापासून सावध. पेनावर १८० आलं म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं. आमच्या लाल पंपाचाही टीडीएस उत्तम होता.

४. कागद

गावात तोंडी "हो" मिळणं पहिल्या चहाला होतं. कागद व्हायला चार महिने धरा. अर्ज सगळे हिंदीत, आणि आपली मराठी वळणाची हिंदी कुणाकडून तरी तपासून घ्या. 'ठराव' लिहिलं तर बाबू हसतो, 'प्रस्ताव' लिहा.

लागणारे कागद:

- ग्रामसभेचा प्रस्ताव, सह्या-अंगठ्यांसह. धार-झाबुआकडचा अनुसूचित क्षेत्राचा भाग असेल तर पेसा, म्हणजे अशा भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. राज्याचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून आहेत. सरपंचाचं एकट्याचं पत्र म्हणजे ग्रामसभा नव्हे.
- पीएचईचं नाहरकत पत्र. तुमच्याच जागी त्यांचीही योजना येत नाही ना, हे इथं कळतं.
- जागेचा खसरा (जमिनीचा उतारा) आणि नकाशा, पटवाऱ्याकडून, म्हणजे तिथल्या तलाठ्याकडून.
- पाण्याचे अहवाल.
- बोअर असेल तर एसडीएमची, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याची, परवानगी. पेयजल परिरक्षण अधिनियम १९८६ खाली कलेक्टर उन्हाळ्यात जिल्हा पाणीटंचाईचा जाहीर करतात, मग परवानगीशिवाय बोअर मारता येत नाही. रिगवाला "सब हो जाएगा" म्हणेल. अडकायची वेळ आली की तो गाडी घेऊन पसार, पत्र तुमच्या नावावर.
- संस्थेचं नोंदणीपत्र, पॅन, आणि मंडळीच्या समितीचा खर्चाला मंजुरी देणारा ठराव.
- काम झाल्यावर पंचायतीला हस्तांतरणाचं पत्र. याचा मसुदा आधीच करा.

जागेबद्दल मुद्दाम सांगते. एका भल्या माणसानं आम्हाला विहिरीची जागा "चर्चच्या नावे करून देतो" म्हटलं. डोळे भरून आले, पण नाही म्हणालो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होण्यावर भू-राजस्व संहितेच्या कलम १६५(६) नं बंधनं आहेत, आणि ती असायलाच हवीत. जागा सार्वजनिक असावी. खासगी असेल तर सगळ्यांना पाणी भरायचा हक्क लेखी असावा, नाहीतर उद्या भावाभावांत वाद झाला की पंपाभोवती काट्याचं कुंपण उभं राहतं.

५. पैसा

हा माझा प्रांत, म्हणून कडक बोलेन.

वेगळं खातं काढा, दोन सह्यांचं. रोख घेऊ नका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत तशीही मिळत नाही. देणगीदाराला पावती, दुकानदाराकडून जीएसटीचं बिल. इंदूरच्या सियागंज बाजारात पाइप-फिटिंग स्वस्त मिळतं, आणि "बिना बिल के और कम" हेही तिथंच ऐकू येतं. ऐकून सोडून द्या.

सगळ्यांत मोठा सापळा परदेशातल्या नातेवाइकांचा. आमच्याकडे एकांचा मुलगा टोरांटोहून मोठी रक्कम पाठवायला निघाला होता. त्याचा पासपोर्ट भारतीय असता आणि त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले असते, तर प्रश्न नव्हता. पण तो कॅनडाचा नागरिक झालेला. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तो परदेशी नागरिकच, आणि त्याचे पैसे म्हणजे परदेशी अंशदान. ते घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. "नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेकडून वळवून घेऊ" हा मार्गही त्याच दुरुस्तीनं बंद केला. आम्ही त्याचे आभार मानले आणि पैसे घेतले नाहीत. त्याचे वडील माझ्याशी दोन महिने बोलत नव्हते. नाताळला बोलले.

एकूण रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, दोन वर्षांच्या तपासण्या आणि दुरुस्तीसाठी. बांधकामात एक रुपयाही त्यातला घालू नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

६. अहवाल बघून उपाय ठरवा

फक्त जंतू असतील तर विहीर नीट करा आणि क्लोरीन द्या. ही सर्वांत हलकी केस, देवाचे आभार माना.

फ्लोराइड असेल तर पहिला प्रयत्न फ्लोराइड नसलेला स्रोत शोधण्याचा: उथळ विहीर, शेजारच्या फलियाची विहीर, शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी. प्यायला आणि शिजवायलाच ते लागतं, बाकीला लाल पंप चालतो. काढायचंच झालं तर नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवलेलं नालगोंडा तंत्र आहे, तुरटी आणि चुन्याचं. आणि ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे, भरलेले फिल्टर आहेत. दोन्ही काम करतात. पण पहिल्यात रोज माप चुकता कामा नये. दुसऱ्यात ॲल्युमिना थकला की पाणी दिसायला तसंच येत राहतं, फ्लोराइडसकट. कोंबडीवाला फिल्टर त्याच जातीचा होता. आरओ प्लांटला वीज हवी, दुरुस्तीवाला हवा, आणि निम्मंअधिक पाणी वाया घालवायची तयारी हवी. ज्या गावात मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी रात्री उठावं लागतं तिथं ते मला पटत नाही.

बोअर हाच मार्ग असेल, तर पाणी लागताच पहिला नमुना तपासा आणि अहवाल येईपर्यंत पंप बसवू नका. जागा दाखवायला हातावर नारळ धरणारा माणूस गावकरी आणतीलच. भांडू नका, पण भूजल जाणणाऱ्याला आधी दाखवून घ्या आणि दोघांच्या जागा जवळ आल्या तर सगळेच खूश. कोरडा गेलेला बोअर त्याच दिवशी बुजवून बंद करा. लहान मुलं पडतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये याबद्दल स्पष्ट निर्देश दिलेले आहेत.

हातपंप घ्यायचा तर इंडिया मार्क टू. साधारण ५० मीटर खोलीपर्यंतचं पाणी उचलतो, आणि गावच्या मिस्त्रीच्या हाताला सवयीचा असतो. याची एक गंमत सांगते. १९७० च्या दशकात सरकार आणि युनिसेफनं हा पंप तयार केला तेव्हा नमुना म्हणून समोर होता तो 'सोलापूर पंप'. जालना-सोलापूरकडच्या मिशनच्या पाणीकामांतून आलेले ते पंप. म्हणजे आपल्या मराठी मुलखातल्या चर्चवाल्यांनी साठ वर्षांपूर्वी या भानगडीत हात घातलाच होता, आणि आपल्यापेक्षा बरा घातला होता.

७. काम: मजूर लावू नका, हलमा मागा

भिल्लांत हलमा नावाची रीत आहे. एखाद्याला एकट्यानं न झेपणारं काम असलं की तो हलमा बोलावतो आणि लोक मजुरी न घेता येतात. झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर याच रीतीनं हजारो माणसं पाणी अडवायचे चर खणतात. पण हलमा बाहेरच्यानं बोलवायचा नसतो, गावानं बोलवायचा. आम्ही विहिरीचा बेत सांगितला, अहवाल सांगितला, आणि गप्प बसलो. तीन आठवडे काही झालं नाही. मग तडवींचा, म्हणजे गावच्या मुखियांचा, निरोप आला, सोमवारी या. गेलो तर चाळीसेक माणसं गाळ काढत होती. आमचे तरुण संघाचे भिया लोक (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) दुपारपर्यंत दमून झाडाखाली, आणि सत्तरीच्या एक आजी टोपली वाहत होत्या.

विहिरीत उतरताना मात्र कुणाचाही उत्साह ऐकू नका. बंद, जुन्या विहिरीत हवा कोंडलेली असते. उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडा. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. कंदील जळत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच, कारण काही विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत. डिझेलचं इंजिन विहिरीच्या आत कधीही लावू नका. त्या धुरानं माणसं मरतात.

आम्ही केलं ते एवढंच: गाळ काढला, वरचे थर आतून सिमेंटनं बंद केले, कठडा उंचावला, भोवती उताराचा ओटा आणि पाणी वाहून न्यायला नाली, वर स्लॅब, स्लॅबवर हातपंप. स्लॅबमध्ये एक कुलूपबंद झडप ठेवली, क्लोरीन टाकायला आणि उतरायला. हिचा विसर पडला तर पुढच्या वर्षी स्लॅब फोडावा लागतो. ढोरांचं पाणी लांब, वेगळ्या हौदात. जवळपास संडासाचा खड्डा १५ मीटरच्या आत नको, आणि भेगाळ खडक असेल तर त्याहून बराच दूर.

८. क्लोरीनचं गणित

विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५. सगळं मीटरमध्ये. आमची विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर: म्हणजे साधारण २८ घनमीटर, २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर धरली तर ७० ग्रॅम. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर जास्त लागते.

पावडर थेट ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खाली-वर हलवत सोडा. संध्याकाळी टाका, सकाळी भरा. सकाळी तपासणीच्या किटनं क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरलंय का पाहा. उरलं नसेल तर मात्रा कमी पडली. ओलावा लागलेली, वास गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना. लहान डबे घ्या, झाकण घट्ट, उन्हापासून लांब.

वासाची तक्रार येणारच. पहिल्या आठवड्यात एका काकींनी पाणी ओतून दिलं, "दवाई डाल दी" म्हणून. त्यांना रागावू नका. उघड्या तोंडाच्या मडक्यात अर्धा तास ठेवलं की वास कमी होतो, हे त्यांच्या घरी बसून दाखवा.

९. पाना कुणाच्या हातात

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना किटनं पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या कोण, शोधा. आमच्याकडे दोन सापडल्या, किट कपाटात बंद होतं. त्या दोघींना आम्ही पंप उघडायलाही शिकवलं. मिस्त्री इंदूरहून नेला होता. तो आधी म्हणाला, "लेडीज से नहीं होगा." तासाभरात त्याचाच पाना त्यांच्या हातात होता.

त्यांच्याकडे ठेवून यायचं सामान: पाने, ग्रीस, जास्तीची साखळी, बेअरिंग, सिलिंडरचे वॉशर, नट-बोल्ट, क्लोरीनचं किट, पावडर आणि एक वही. घरटी महिन्याला किती गोळा करायचं ते फलियानं ठरवावं. आम्ही आकडा सुचवला होता, त्यांनी तो मोडून हंगामाला पायलीभर मका ठरवला. माझ्या खातेवहीत मक्याचा रकाना नव्हता, तो आखला.

तुमच्या फेऱ्या: जूनमध्ये ओटा, आणि छपरावरचं पाणी घेत असाल तर पन्हळी, जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर जंतूंची तपासणी, ऑक्टोबरात रासायनिक, मेमध्ये पाण्याची पातळी. किमान दोन वर्षं.

मागच्या जुलैत आम्ही नमुना घ्यायला पोचलो तेव्हा पंपाचं डोकं उघडलेलं होतं, साखळीला ग्रीस चालू होतं. दोघींपैकी धाकटीनं हात पुसले, साबणानं धुतले आणि माझ्याकडे बाटली मागितली. "आप बैठो दीदी, मैं भर देती हूं." तिनं निर्जंतुक बाटलीचं झाकण उघडलं, आतून बोट लावलं नाही, विसळली नाही, थोडी रिकामी ठेवून भरली आणि वर वेळ लिहिली.